पक्की पावती

आमची लेक शासकीय तंत्रनिकेतनात संगणकाच्या पदविकेला आहे. दुसऱ्या वर्षाला गेल्यावर ती म्हणाली, "आई, आता मोबाईलवर भागत नाही. घरात कॉम्प्युटर पाहिजे." मागणी रास्त होती. माझ्या भिशीचे आणि मिस्टरांच्या पतपेढीच्या कर्जाचे मिळून पैसे उभे राहत होते. प्रश्न एवढाच होता, की कंपनीचा तयार संगणक घ्यायचा, की सुटे भाग आणून घरी जोडायचा?

लेकीला जोडायचाच होता. मी मात्र 'नाही' म्हणून बसले. माझ्या नकाराचे कारण तिला ठाऊक नव्हते.

2002 सालची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाला कॉम्प्युटर शिकायचा ध्यास लागला होता. आमच्या आईने कानातली फुले मोडली, वर थोडे उसने काढले आणि त्याला असेंबल केलेला संगणक घेऊन दिला. तो स्वस्त पडतो, असे सगळेच सांगत होते. दुकानदार गोड बोलला. एका चिठ्ठीवर आकडे मांडून हातात दिले, तीच पावती! आठ महिन्यांनी एका संध्याकाळी डब्यातून जळका वास आला. पॉवर सप्लाय जळाला आणि त्याच्याबरोबर मदरबोर्डही गेला. दुसऱ्या कारागिराने उघडून पाहिले, तर हार्ड डिस्क आधीच वापरलेली निघाली. आम्ही दुकानात गेलो, तेव्हा तो म्हणाला, "हा माल माझाच कशावरून?" आमच्याकडे उत्तर नव्हते. भावाचे शिक्षण तिथेच थांबले. तो कुरियरच्या कामाला लागला, आजही तेच करतो. आईचे कान शेवटपर्यंत मोकळेच राहिले.

हे सगळे मी लेकीला सांगितले. तिने वाद घातला नाही. वहीत मध्ये रेघ ओढून एका बाजूला 'तयार' आणि दुसऱ्या बाजूला 'जोडलेला' असे लिहिले आणि पंधरा दिवस ती माहिती भरत राहिली.

तयार संगणकाच्या बाजूला चांगल्या गोष्टी होत्याच. सगळ्या डब्याची हमी एकाच कंपनीची, बिघडला तर एकाच ठिकाणी तक्रार. विंडोजही बहुधा अधिकृत आणि आधीच घातलेली. पण काही कंपन्यांच्या डब्यात मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय त्यांच्याच मापाचे असतात. हमी संपल्यावर एखादा भाग गेला, तर बाजारातला सहज बसत नाही.

जोडलेल्या संगणकात प्रत्येक भागाची हमी वेगळी असते. प्रोसेसर आणि मदरबोर्डला साधारण 3 वर्षे मिळतात. एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. विंडोजचे पैसे मात्र वेगळे. दुकानदार 'फुकट टाकून देतो' म्हणतो, ती बहुतेक चोरीची असते. लेकीने त्यावर मोफत मिळणारी उबुंटू घालायचे ठरवले.

स्वस्ताईचा मुद्दा तर निकालातच निघाला. जगभर एआयची मोठमोठी केंद्रे उभी राहत असल्याने 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. हिशेब केला तेव्हा दोन्हींत जेमतेम दीड हजाराचा फरक निघाला.

"मग जुना घेऊ," मिस्टर म्हणाले. लेकीने तेही तपासले होते. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज 11 च्या अटीत बसत नाहीत. असे संगणक बाजारात स्वस्तात येतात, पण घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

त्या रविवारी विहारात वंदनेनंतर कालामांची गोष्ट निघाली. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही खरे मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी केसपुत्तच्या लोकांना सांगितले होते. मी घरी येताना विचार करत होते. 2002 मध्ये आम्ही ऐकीवावर विश्वास ठेवला. आज मी कंपनीच्या नावावर विश्वास ठेवायला निघाले होते. दोन्ही वेळा आत काय आहे, हे मी पाहिलेच नव्हते. माझ्या लेकीने पाहिले होते.

मी होकार दिला, पण एका अटीवर. प्रत्येक वस्तू पक्क्या बिलावर हवी, जीएसटी क्रमांकासह आणि भागाच्या सिरीयल नंबरासह.

आम्ही दोघी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. एका दुकानात प्रोसेसर बराच स्वस्त सांगितला. लेकीने खोका फिरवून पाहिला आणि खाली ठेवला. त्याच्या क्रमांकापुढे 'एफ' होते. इंटेलच्या तशा प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र दाखवायची सोय नसते, ग्राफिक्स कार्ड वेगळे घ्यावे लागते. पॉवर सप्लाय तिने '80 प्लस'चा शिक्का पाहूनच घेतला. रॅमची 8 जीबीची एकच पट्टी घेतली आणि दुसरी खाच पुढच्यासाठी मोकळी ठेवली. पक्क्या बिलाने रक्कम थोडी वाढली. मी ती आनंदाने मोजली.

जोडायच्या दिवशी मी मुद्दाम भावाला बोलावले. लेकीने आधी लोखंडी कपाटाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, मग एकेक भाग बसवला. मामा शेजारी बसून स्क्रू देत होता. बटण दाबले, पंखा फिरला, पण पडदा काळाच! माझ्या पोटात गोळा आला. तो जुना वास आठवला. लेक शांतपणे म्हणाली, "मामा, रॅम नीट बसली नसेल. वायर काढून तूच दाब. टक् आवाज आला पाहिजे." त्याने अंगठ्यांनी दाबली. टक् वाजले. या वेळी पडद्यावर अक्षरे उमटली. भाऊ काही बोलला नाही, बराच वेळ नुसता बघत राहिला. आता तो सुट्टीच्या दिवशी येतो आणि भाचीकडून शिकतो.

बंधू-भगिनींनो, ज्या घरात आतले कळणारे कोणी नाही किंवा मुलाची परीक्षा तोंडावर आली आहे, त्यांनी कंपनीचा तयार संगणक घ्यावा, त्यात कमीपणा नाही. शिकणारे मूल असेल, तर त्याला जोडू द्यावे. पण काहीही घ्या, पक्की पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका. आमची पावती मी पतपेढीच्या पासबुकात जपून ठेवली आहे.

जयभीम!