मुक्काम एक, पोस्ट दुसरे

पत्रावर पत्ता लिहिताना ‘मु. पो.’ ही अक्षरे आपण इतक्या सवयीने लिहितो की, त्यांतील भेद सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या गावास स्वतःची टपाल कचेरी आहे त्याच्या नावापूर्वी ‘मुक्काम पोस्ट’ असे जोडून लिहावयाचे. ज्यास ती नाही त्याचा मुक्काम एक आणि पोस्ट दुसरे. अशा रीतीने शेजाऱ्याच्या नावावर टपाल घेणाऱ्या एका वाडीच्या शोधार्थ आम्ही गेल्या हिवाळ्यात बीड जिल्ह्यातील चकलांब्यास जाऊन आलो. त्या प्रवासाची हकीकत वाचकांस सादर करीत आहो.

निमित्त घडले ते दिवाळीच्या झाडलोटीचे. माळ्यावरील पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांच्या पत्रांचा एक पुडका निघाला. आमचे घराणे मूळचे चकलांब्याजवळच्या एका वाडीचे. घरात तिला नुसते ‘वाडी’ म्हणण्याचीच चाल असल्याने तिचे पुरते नाव आमच्या पिढीपैकी कोणासच ठाऊक नव्हते. १९४८ साली रझाकारांच्या धामधुमीत आजोबांनी बिऱ्हाड गाडीत घातले, शीव ओलांडली आणि नगर गाठले. तेव्हा आमच्या आत्याबाई सहा वर्षांच्या होत्या. आज वाडीत जन्मलेले असे माणूस घरात त्या एकट्याच. वाडीतील कोणा जुन्या स्नेह्याने पुढे आजोबांस पाठविलेली कार्डे पुडक्यात होती. त्यांच्या तळाशी ‘पो. चकलांबा, ता. गेवराई’ एवढे स्वच्छ वाचता येत होते. परंतु मुक्कामाच्या जागी कसरीने नेमके नावच खाल्ले होते! प्रत्येक कार्डाची तीच कथा, कारण सारी एकावर एक ठेवलेली. आत्याबाईंनी ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि त्या म्हणाल्या, “तुमच्यापैकी कोणी एकदा जाऊन तरी या रे. माझ्यामागे विचारायलाही कोणी उरणार नाही.”

पुडक्यात एक त्याहून जुना लखोटा होता व त्यावर निजाम सरकारचे एक आण्याचे तिकीट होते. तरुण वाचकांस कदाचित नवल वाटेल, पण हैदराबाद संस्थानाचे टपालखाते स्वतंत्र असे. १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटे होती व राज्यात अनेक भाषांची प्रजा नांदत असल्याने त्यांवर किंमत उर्दू, इंग्रजी, तेलुगू व मराठी अशा चार भाषांत छापली जाई. १९३१ साली निघालेल्या सचित्र मालिकेत एका आण्यावर चारमिनार, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आणि रुपयावर दौलताबादचा मनोरा होता. मात्र हे तिकीट राज्याच्या हद्दीतच चाले. गेवराई तालुका निजामाचा आणि त्याला लागून असलेला शेवगाव तालुका इंग्रजांचा. अलीकडे हाली रुपया, पलीकडे कलदार. अलीकडे चारमिनार, पलीकडे इंग्लंडचा बादशहा. लेक शिवेपलीकडे दिली तर तिच्या खुशालीच्या पत्रालाही परराज्याचे तिकीट लागे! सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानात भारतीय फौजा शिरल्या व निजामाची सत्ता संपली. पुढे १ एप्रिल १९५० रोजी त्याचे टपालखातेही भारतीय टपालखात्यात विलीन झाले.

आजोबा ज्या वाटेने आले त्याच वाटेने उलट जावयाचे, असे ठरवून आम्ही नगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगराहून, शेवगाववरून पूर्वेस निघालो. एके काळी दोन राज्ये जेथे भिडत ती शीव आज जिल्ह्याच्या पाटीवरूनच तेवढी ओळखावयाची. दोहोंकडे तीच काळी जमीन, तोच कापूस, तीच ज्वारी-बाजरी. हा मुलूख अगदीच अप्रसिद्ध आहे असेही नव्हे. याच गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. तेथे १७६३ साली थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामअलीचा पराभव केला. महानुभावांस पूज्य असलेले पांचाळेश्वरही याच तालुक्यात. परंतु इतिहासाने ज्यांची नावे घेतली ती गावे शोधावी लागत नाहीत. आमच्या वाडीत ना लढाई झाली, ना कोणा संताने मुक्काम केला.

चकलांबा आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या मानाने मोठे गाव. येथे पोलिस ठाणेही आहे. आमची पहिली चौकशी अर्थातच पोस्टात. तेथील गृहस्थांनी कार्डे आस्थेने न्याहाळली. पण नावाविना वाडी कशी सांगणार? देशात सहा आकड्यांचा पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी; ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी गृहस्थांची. टपालखात्यातील अधिकारी असून ते संस्कृतचे पंडित व कवीही होते. ४३१ या आकड्यांनी आरंभ होणारे क्रमांक बीडकडील या टापूचे व शेवटचे तीन आकडे विशिष्ट टपाल कचेरीचे. म्हणजे येथेही आकडा मिळाला तो पोस्टाला, मुक्कामाला नव्हे!

सरकारी दप्तरात उठून गेलेल्या गावास एक नाव आहे: बेचिराख. ज्यात दिवा लागत नाही ते गाव. मनुष्यवस्ती शून्य झाली तरी महसुली कागदांत अशी गावे शिवारासह नांदत असतात. ती उठण्याची कारणे अनेक. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, शतकाच्या अखेरीचा छप्पनचा दुष्काळ, प्लेग, १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, १९४८ ची पळापळ आणि पुन्हा १९७२ चा दुष्काळ. येथून वरच्या अंगास, पैठणच्या नाथसागरात तर कित्येक गावे पाण्याखालीच गेली. त्याच जायकवाडी धरणाचा उजवा कालवा आज गेवराई तालुक्यातून माजलगावकडे पाणी नेतो. एकाचे गाव बुडाले म्हणून दुसऱ्याचे शेत भिजते, हे त्या पाण्याकडे पाहताना विसरू नये.

पोस्टाबाहेर एका वृद्ध शेतकऱ्याने आमचे बोलणे ऐकले. त्याने नाव विचारलेच नाही. “कुलकर्ण्याचा वाडा व्हता का? मारुती व्हता? मग चला,” असे म्हणून तो आमच्यापुढे चालू लागला. गावची जमीन दोन प्रकारची, पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. घरे पडून माती झाली तरी पांढरी लपत नाही. तिचा रंगच साक्ष देतो. ज्वारीच्या दोन शेतांमधील अशाच एका उंचवट्यावर त्याने आम्हांस नेले. चौथऱ्याचे चार दगड, शेंदूर लावलेला उघड्यावरचा मारुती आणि त्याच्यामागे बुजत चाललेली विहीर, एवढेच तेथे उरले होते. वाड्यातील मंडळी कोठे गेली असे त्याने विचारले, तेव्हा आम्हांस थोडे ओशाळल्यासारखे झाले. गावचे दप्तर आणि निरक्षरांची पत्रे वाचणारी आमच्यासारखी घरे नगर-पुण्याकडे निघून गेली; त्यांना पाठीमागच्या वाडीचे नावही आठवू नये?

परतताना एक जिवंत वाडी लागली. तीत म्हातारी माणसे व काही लहान मुले तेवढी होती. बाकीचे ऊसतोडीस गेले होते, ते उन्हाळ्यातच परतावयाचे. निम्मे वर्ष कुलुपात राहणाऱ्या अशा वस्त्या बीड जिल्ह्यात किती तरी आहेत. या दिवसांत त्यांच्या पत्त्यावर पत्र गेले तर ते घ्यावयाचे कोणी? बेचिराख होण्याचा हाही एक सावकाश प्रकार नव्हे काय, असे आमच्या मनात आले.

चकलांब्याच्या पोस्टात परत येऊन आम्ही एक कार्ड घेतले आणि आत्याबाईंस पाहिलेली सारी हकीकत लिहिली: उंचवटा, चौथरा, मारुती, त्यामागील विहीर. घरी पोहोचल्यावर तोंडी सांगता आलेच असते. पण त्या गावचा शिक्का त्यांच्या हाती पडावा अशी इच्छा होती. कार्ड आमच्या मागाहून आले. आत्याबाईंनी शिक्का बोटाने चाचपला, मजकूर दोनदा वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, “विहीर मारुतीच्या पुढे होती. पाणी भरून वळले की देव समोर दिसायचा. ही आपली वाडी नव्हे.”

वाचकहो, आम्ही दुसऱ्याच कोणाच्या पांढरीस नमस्कार करून आलो होतो! तिचेही कोणी वंशज कोठे तरी असतील आणि त्यांच्या ट्रंकेतही असा एखादा पुडका असेल. आपल्या माळ्यावरील जुनी कार्डे रद्दीत घालण्यापूर्वी त्यांच्या तळाचा पत्ता एकदा वाचावा, घरातील वडीलधाऱ्यांस विचारून मुक्कामाचे नाव वहीत उतरून ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे. आम्ही मात्र थंडी ओसरताच पुन्हा चकलांब्यास जाणार आहो. या खेपेस आत्याबाई बरोबर येतो म्हणतात.