वेरूळची वाट आणि उतरलेला काटा

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे तीस किलोमीटर. छावणी मागे पडली की डोंगररांगा जवळ येऊ लागतात, देवगिरीचा कडा समोर उभा राहतो आणि दौलताबादनंतर खुलताबादकडे चढणारा घाट सुरू होतो. वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी तीस ते चौतीस या क्रमांकांची पाच लेणी जैन आहेत. बत्तिसाव्या, म्हणजे इंद्रसभा लेण्याच्या अंगणात एकाच खडकातून कोरलेला मानस्तंभ व हत्ती आहे, तर आत वेलींनी वेढलेले ध्यानस्थ बाहुबली आहेत. वरच्या टेकडीवर तेराव्या शतकातील भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. शहरातील जैन कुटुंबांच्या पाहुण्यांना ही यात्रा सहसा चुकत नाही.

जुन्या मोंढ्यातील एक व्यापारी कुटुंब चैत्रातील एका रविवारी सकाळी याच वाटेने निघाले होते. आजींना दर्शनाआधी अन्न न घेण्याचा नियम. त्यामुळे पोहोचण्याची घाई होती. गाडी आठ वर्षांची. गेला महिनाभर तिचा तापमानाचा काटा कधी वर चढे, कधी मध्यावर येई. शहरातील एका गॅरेजने सेन्सर बदलून दिला होता. दोन दिवस सारे ठीक वाटले आणि पुन्हा तेच.

दौलताबादच्या जुन्या अरुंद दरवाजापाशी वाहनांची रांग लागली. तेथे काटा चढला. घाटाच्या मध्यावर तो लाल रेषेला टेकला आणि काही क्षणांत एकदम तळाशी आला.

"बाबा, उतरला काटा. चला आता," मुलगा म्हणाला.

मागे बसलेल्या आजी मात्र म्हणाल्या, "अरे, काहीतरी गोडसर वास येतोय. थांबव गाडी. दर्शन तासभर उशिरा झालं तरी चालेल."

गाडी कडेला थांबली. बॉनेटखालून वाफ निघत होती आणि कूलंटच्या टाकीतून हिरवट द्रव रस्त्यावर ओघळत होता. काटा थंड दाखवत होता, इंजिन मात्र उकळत होते.

या विसंगतीचे कारण समजून घेण्याजोगे आहे. तापमापक सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे तापमान सांगतो. पातळी घटली आणि त्याच्याभोवती हवा किंवा वाफ साचली की वाचन भरकटते. म्हणून तापलेल्या इंजिनाचा काटा अचानक उतरला तर ती सुटका समजू नये. व्यापाऱ्याच्या भाषेत, काटा ही वही आहे आणि टाकीतील पातळी ही गल्ल्यातील रोकड. दोहोंचा मेळ बसत नसेल तर आधी रोकड मोजावी.

मुलाचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला. वडिलांनी तो मागे ओढला. बंद झाकणाखाली दाब असतो आणि त्या दाबामुळे द्रव शंभर अंशांच्या वरही न उकळता राहतो. झाकण उघडताच तोच द्रव उसळून चेहरा व हात भाजतो. इंजिन बंद करून ते पूर्ण निवू द्यावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाण्याचे भय असते.

आजींनी तोवर कडेची माती आणवून सांडलेल्या द्रवावर जाड थर टाकविला. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. कुत्रे किंवा गुरे ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. भिजलेली माती पिशवीत भरून गाडीत ठेवण्यात आली. वाटेवरच्या मुक्या जिवाचा विचार हाही त्या यात्रेचाच भाग होता.

गाडी तेथेच ठेवून मंडळी रिक्षाने वेरूळला गेली. आजी टेकडीच्या पायऱ्या सावकाश चढल्या. दर्शन घडले, नियम पाळला गेला आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजनही घरी झाले. गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून शहरात आणली गेली.

दुसऱ्या दिवशी एका वयस्क मिस्त्रींनी ती तपासली. "शेठ, जमिनीवर थेंब दिसत नाही म्हणजे गळती नाही, असं नसतं. गरम इंजिनावर थेंब पडला की तिथंच वाळतो, डाग तेवढा राहतो," ते म्हणाले. थंड इंजिनाच्या रेडिएटरला त्यांनी हातपंप जोडला आणि झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतकाच दाब दिला. दाब हळूहळू घटू लागला. पाण्याच्या पंपाच्या आसाखाली एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील झिजले की द्रव तेथून बाहेर येऊन सूचना देतो. तेथेच वाळलेला हिरवा ओघळ होता. पंप बदलला, व्यवस्थेत अडकलेली हवा काढली आणि काटा मध्यावर स्थिरावला. इंजिन तसेच दामटले असते तर हेड वाकून खर्च कितीतरी पटींनी वाढला असता.

मिस्त्रींनी सांगितलेल्या खुणा प्रत्येक घरी उपयोगी आहेत. गाडी उभी असताना तापते आणि धावू लागली की निवते, तर पंखा पाहावा. चढावर तापते, तर पातळी, थर्मोस्टॅट आणि तुंबलेला रेडिएटर पाहावा. खड्ड्यात किंवा दिवे लावताच काटा उडी मारतो, तर तार सैल असावी. पायाखालचा गालिचा ओला व काचेवर चिकट धुके, तर हीटरची गळती. टाकीत सतत बुडबुडे, पांढरा गोडसर धूर किंवा दुधाळ ऑइल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. एसीतून पडणारे स्वच्छ, वासरहित पाणी मात्र दोष नव्हे. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये क्षार साठवते. म्हणून योग्य कूलंटच वापरावे.

या शहराला ही विद्या तशी नवी नाही. सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबरने डोंगरातील पाणी भूमिगत नहरीने येथे आणले. त्या मार्गावर बांधलेले बंबे दाब सांभाळत आणि अडकलेल्या हवेला वाट देत. पाणचक्कीच्या भिंतीवरून कोसळणारे पाणी आजही त्या व्यवस्थेची आठवण देते. बंद वाटेने वाहणाऱ्या पाण्यात हवा शिरली की प्रवाह बिघडतो, हे त्या कारागिरांना ठाऊक होते.

आता त्या घरात दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, नातू कूलंटची पातळी पाहतो आणि पंचांगाशेजारच्या वहीत तारखेसह लिहून ठेवतो. आजी विचारतात, "मेळ बसला का रे?" होकार आल्यावरच गाडीची किल्ली खुंटीवरून निघते.