एका शेऱ्याची गोष्ट

शब्दांचा अर्थ कोशात सापडतो. त्यांचे वजन मात्र ते स्वतःवर येऊन पडल्यावाचून कळत नाही. मला असा एक इंग्रजी शब्द शाळकरी वयात भेटला.

फाल्गुनाचे दिवस होते. रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांतून शिमग्याच्या पालख्या निघाल्या होत्या आणि नमन-खेळ्यांतील संकासुराने आम्हां मुलांची मने व्यापून टाकली होती. काळा पायघोळ वेश, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगुर! तो अंगावर धावून आला की आम्ही किंकाळ्या फोडीत पळत असू आणि त्याची पाठ फिरताच पुन्हा त्याच्याच मागे लागत असू. एके दिवशी मधल्या सुट्टीत मी काळी घोंगडी पांघरून शाळेतच संकासुर झालो व खालच्या वर्गांतील मुलांच्या मागे धावलो. खूप हशा पिकला. आठवड्याने प्रगतिपुस्तक हाती आले. त्यात गुरुजींनी एकच शब्द लिहिला होता : ‘मिस्चिव्हस’.

माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, कोर्टात कारकून होते. शेरा वाचताच त्यांचा चेहरा उतरला. ‘मिस्चिफ’ हा शब्द त्यांच्या परिचयाचा होता, पण तो फौजदारी कागदांतला! १८६० च्या भारतीय दंडविधानाचे ४२५ वे कलम याच अपराधाचे. मराठीत त्याला ‘आगळीक’ म्हणतात. दुसऱ्याचे गैरवाजवी नुकसान व्हावे या इराद्याने, किंवा ते होण्याचा संभव आहे हे जाणून, मालमत्तेची नासधूस करणे, असा त्याचा आशय.

“अरे, कोणाचे काय मोडलेस?” त्यांनी विचारले.

“काही नाही, तात्या. मी नुसता खेळत होतो.”

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन शाळेत गेले. गुरुजींनी त्यांना समजावून सांगितले, की हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मूळ अर्थ अनर्थ, वाईट शेवट. कायद्याने त्याचा उग्रपणा राखला. घरादारांत मात्र तो निवळत निवळत ‘खट्याळ’, ‘खोडकर’ इतका सौम्य झाला. निव्वळ खेळकरपणासाठी इंग्रजीत ‘प्लेफुल’ हा निराळा शब्द आहे.

“मग तो का नाही लिहिलात?” तात्या म्हणाले.

गुरुजी क्षणभर थांबले. “कारण एक मूल हसले नाही. ते पायरीवरून पडले, आणि त्यानंतर तीन दिवस मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर आले नाही.”

ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. परतताना तात्या रागावले नाहीत. वळणावर एवढेच म्हणाले, “संकासुर पोरांना पाडतो का रे?”

त्या प्रश्नाने मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी ती घोंगडी त्या मुलाला नेऊन दिली. तो आधी बिचकला; मग ती पांघरून माझ्या मागे धावला. मी जिवाच्या आकांताने पळालो, आणि तो पोट धरून हसला.

वाचकहो, पुढे मीही शिक्षक झालो. ते जुने दंडविधान जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. आगळीक तिच्यातही, ३२४ व्या कलमात, आहेच. पण शाळेच्या अंगणाचा कायदा मला आपल्या मायबोलीतच अधिक स्पष्ट दिसतो. ‘खेळकर’ खेळापासून झाला आणि ‘खोडकर’ खोडीपासून. खेळात दुसरा आपला भिडू असतो. खोडीत तो आपले सावज होतो. खेळातला राग लटका असतो, भीतीही लटकी असते, आणि ती लटकी आहे हे दोघांनाही ठाऊक असते. एकालाच ठाऊक असेल तर खेळ तेथेच संपला.

म्हणून वर्षअखेरीस शेरे लिहावयास बसलो, की कोश उघडण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो : दुसरे मूल हसले होते काय? उत्तर मिळेपर्यंत लेखणी खाली ठेवतो.