टेबलाची कड

जळगाव,
१२ जुलै

ती. आप्पामामा यांस,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "बक्षीस मिळालं म्हणे, मग आवाज असा का?" आई शेजारीच बसली होती, म्हणून सर्दीचं निमित्त सांगून मी विषय टाळला. सर्दी नव्हती. फोनवर मला धड सांगताही आलं नसतं, म्हणून आज लिहायला बसले आहे.

तो फोटो तुम्ही पाहिला आहे. आईने मोबाइलवर पाठवला तेव्हा तुम्ही "उजेड चांगला धरलाय" एवढंच लिहिलंत. आणखी काहीच कसं लिहिलं नाही, म्हणून मी दोन दिवस खट्टू होते. आडवी झालेली केळीची बाग, पुढे मोडलेलं खोड, त्याला अजून लोंबणारा हिरवा घड, आणि त्याच्या शेजारी डोक्याला हात लावून बसलेली बाई. खाली ओळ : 'वादळानंतर, रावेर तालुका'.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. वादळ होऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिथे पोचले. केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हेच, पानांच्या देठांचे एकावर एक पदर आणि आत पाणी. घड भरत आला की वरचा भार इतका होतो की मे-जूनच्या वादळात ओळीच्या ओळी एका झटक्यात झोपतात. वर्षभर खत-पाणी करून सांभाळलेला माल कापणीला आठ-पंधरा दिवस उरलेले असताना मातीला टेकतो. मी गेले तेव्हा ती बाई त्या आडव्या बागेत उभी होती. पदर कमरेला खोचलेला, पायांत तिच्या मापापेक्षा मोठ्या चपला, आणि हातात मोबाइल. ती स्वतःच फोटो काढत होती, मामा. पंचनाम्यासाठी. वहीच्या एका पानावर जाड पेनाने गट नंबर आणि तारीख लिहिली होती. ते पान पडलेल्या खोडाला टेकवायचं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर ढेकूळ ठेवायचं, चार पावलं मागे यायचं, फोटो काढायचा आणि पुढच्या ओळीत जायचं. फोटोखाली जागा, तारीख, वेळ आपोआप उमटते ते ॲप तिने टाकून घेतलं होतं. मध्येच कुणाचा तरी फोन आला, तेव्हा "एकही झाड उभं नाही, या आणि बघून जा" असं ती खणखणीत आवाजात म्हणाली.

आणि मी तिला म्हटलं, "मावशी, तो मोबाइल जरा बाजूला ठेवता का? इथे घडापाशी बसा. हात असा, कपाळावर."

ती बसली. नाही म्हणाली नाही. हात कपाळाला लावता लावता एवढंच बोलली, "परवा बसली होती मी अशी. तव्हा नव्हती आली तू." तिच्या आवाजात राग नव्हता. मी सात फ्रेम घेतल्या. बक्षीस सहावीला मिळालं.

माझ्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, यात खोटं काय? बाग पडलेली खरी, बाई तिथलीच, दुःख खरं, आणि ती तशी बसलीही होती, तूच तर सांगतेस. फोटोखालच्या ओळीतही एक शब्द खोटा नाही. मलाही बरेच दिवस हे पटत होतं. पण प्रदर्शनात त्या फोटोसमोर उभे राहणारे लोक काय समजत होते? मी अचानक तिथे पोचले, ती तशी बसलेली होती आणि तिला माझी चाहूलही लागली नाही, असं. फोटोच्या तुकतुकीत कागदावर हे कुठे लिहिलेलं नसतं, तरी बघणारा तेच वाचतो. मला ते ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले. कुणी तरी "किती सहज टिपलंय" म्हणालं, तेव्हा मी आभार मानले. तो क्षण मला अजून टोचतो.

त्या प्रदर्शनात माझ्या समोरच्याच भिंतीवर खानदेशातलं एक गाव म्हणून संगणकाने रचलेलं चित्र होतं. सुरेख ऊन, धूळ, बैल आणि केळीची बाग. सगळे थांबून बघत होते. मला मात्र तिथे दोन मिनिटांवर उभं राहवेना. त्यातल्या घडाची केळी खाली तोंड करून लोंबत होती. आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल, घड खाली लोंबतो पण केळी वळून आभाळाकडे बघतात. चित्र संगणकाने केलं आहे हे खाली लिहिलेलं होतं, एवढं मात्र खरं. म्हणजे खोट्या केळ्यांच्या त्या चित्राने आपलं मूळ सांगितलं होतं, आणि खऱ्या केळ्यांच्या माझ्या फोटोने लपवलं होतं. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने असंच यंत्राकडून करवून घेतलेलं चित्र सोनीच्या जागतिक छायाचित्र स्पर्धेत पाठवलं. ते निवडलं गेल्यावर त्याने स्वतःच सगळं उघड सांगून बक्षीस नाकारलं. आधी ते पाठवावंच का, यावरून लोक त्याच्यावर चिडले. मला त्याचं सगळंच पटतं असं नाही, पण भर समारंभात तो बोलला आणि मी बोलले नाही.

मांडणी करून काढलेल्या फोटोचं मला वावडं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. छायाचित्रकार गौरी गिल यांनी जव्हारकडे कोकणा आणि वारली कलावंतांबरोबर केलेलं काम मला फार आवडतं. बोहाडा उत्सवाचे कागदी मुखवटे करणाऱ्या त्या कारागिरांनी रोजच्या जगण्यातले मुखवटे केले, आणि ते घालून गावातली माणसं दुकानात, दवाखान्यात, घरात बसली. सगळं ठरवून केलेलं. पण माणसाच्या धडावर पक्ष्याचं डोकं दिसल्यावर हे सहज घडलं असेल असं कोण म्हणेल? बघणारा पहिल्याच क्षणी खेळात सामील होतो. शिवाय तिथे मुखवटा कुठला, बसायचं कसं, यात त्या माणसांचाही हात आहे. माझ्या फोटोत त्या बाईचा हात फक्त कपाळावर होता, तोही मी ठेवायला लावलेला.

प्रदर्शनाहून परतताना जळगावचं तिकीट असूनही मी चाळीसगावला उतरले. छायाचित्रकार केकी मूस यांचं घर स्टेशनजवळच. तुम्ही मला तिथे नेलंत तेव्हा मी सातवीत होते आणि मला फक्त पंजाब मेलची गोष्ट लक्षात राहिली होती : प्रेयसी या गाडीने येईन म्हणाली होती, म्हणून हा माणूस रोज रात्री गाडीच्या वेळेला दारं-खिडक्या उघडून, दोन ताटं मांडून वाट बघायचा. आजही त्या घराबद्दल विचारलं की लोक आधी हीच गोष्ट सांगतात. ती मूसांच्या फोटोंच्या आड येते असं मला या वेळी फार वाटलं. १९१२ साली मुंबईत जन्मलेला, इंग्लंडमध्ये कला शिकून आलेला एक पारशी तरुण चाळीसगावात येऊन राहतो, घराला रेम्ब्रांटचं नाव देतो, जवळजवळ पन्नास वर्षं उंबरा क्वचितच ओलांडतो आणि १९८९ मध्ये तिथेच जातो. तेवढ्या काळात त्याने चार भिंतींच्या आत काय केलं, हे बघायला माणसं कमी थांबतात.

मी त्यांच्या टेबलटॉप फोटोंसमोर थांबले. तुम्ही मला तेव्हा समजावून सांगितलं होतं ते आठवलं : टेबलावर मीठ किंवा पीठ पसरलं की बर्फ, वाळलेली काडी खोचली की झाड, कापूस पिंजला की ढग. कॅमेरा टेबलाच्या पातळीला आणायचा, छिद्र बारीक करायचं म्हणजे पुढचं-मागचं सगळं ठसठशीत येतं, आणि उजेड मागून द्यायचा. वीतभर जागेत मैलभर रान उभं राहतं. लहानपणी मी विचारलं होतं, "मग हे खोटं ना?" आणि तुम्ही म्हणाला होतात, "त्यांनी टेबल लपवलं कुठंय?" त्या वेळी मला ते कळलं नव्हतं. घराबाहेर न पडणाऱ्या माणसाने बर्फातली वाट दाखवली आणि तिला टेबलटॉप असंच म्हटलं. ती वाट मी चाललो, असा दावा त्यांनी केला नाही. बघणाऱ्याला टेबल आणि रान दोन्ही एकदम दिसतं, आणि मीठ आहे हे कळूनही थंडी वाजते. माझ्या फोटोत मात्र टेबलाची कड मी कापून टाकली होती.

तिथून बाहेर पडल्यावर मला आपल्या आजीचा फोटो आठवला. देवघराच्या वरचा. आजीचा एकटीचा फोटो कधी निघालाच नव्हता. ती गेल्यावर तुम्ही कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा मोठा केलात, शेजारणीचा खांदा घालवलात आणि ब्रशने आजीचा खांदा आणि पदराचा काठ काढलात. पॉलिश पेपरवर सुईसारखी टोकदार केलेली पेन्सिल, निगेटिव्हवर मीडियमचा हलका हात, त्या तिरक्या डेस्काच्या काचेखालून येणारा आरशाचा उजेड, हे सगळं मी तुमच्या स्टुडिओत स्टुलावर बसून पाहिलं आहे. माणसांच्या तोंडावरचे देवीचे वण तुम्ही बुजवायचात, आणि त्यांना ते हवं असायचं. आजीच्या फोटोतला तो खांदा तिचाच समजून मी मोठी झाले. मग आईने एकदा रंग देताना फ्रेम उतरवली आणि मागचा पुठ्ठा निघाला. आत तो मूळ ग्रुप फोटो होता, आणि त्याच्या पाठीवर तुमच्या अक्षरात : 'खांदा व पदर हाताने काढला आहे.' खाली तारीख.

तुम्ही ते कुणासाठी लिहिलं होतं, मामा? पुठ्ठा कुणी उघडणार नव्हतं. मला वाटतं, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात तुम्ही इतकी वर्षं जात होतात, ते हातात उतरलं असणार. मलाही एकदा तिथे नेऊन छापलेली जुनी पत्रं दाखवली होतीत. कागद फाटला असेल, वाळवीने अक्षरं खाल्ली असतील, तिथे छापताना टिंबं देतात. पुढे काय असेल हे जाणत्या माणसाला बऱ्याचदा कळत असतं, तरी मूळ मजकुरात तो आपला शब्द घुसवत नाही. घालायचाच तर कंसात घालतो. इतिहाससंशोधक राजवाडे अस्सल कागदासाठी गावोगाव हिंडले आणि शेवटी १९२६ साली धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाच्या त्या इमारतीत मी कंटाळून खिडकीबाहेर बघत बसले होते. ती टिंबं आज उपयोगी पडत आहेत.

आता काय करायचं ते मी ठरवलं आहे. प्रदर्शनवाल्यांना आज पत्र टाकलं. तो फोटो पुढे आणखी दोन ठिकाणी जाणार आहे. बक्षिसाचं काय ते त्यांनी ठरवावं, पण फोटो लावायचा असेल तर खालची ओळ मी दिलेलीच लागेल : 'वादळानंतर तिसऱ्या दिवशी. या बाई माझ्या सांगण्यावरून अशा बसल्या. दोन दिवसांपूर्वी आपण अशाच बसलो होतो, असं त्यांनी सांगितलं.' ते नको म्हणतील असं वाटतं. म्हणू देत.

आणि गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्या शेतावर गेले. पडलेली झाडं उचलून बांधाला लावली होती, ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवल्या होत्या. बरोबर दोन प्रिंट नेल्या होत्या. एक बक्षिसाची. दुसरी त्याच दिवसाची, मी पोचल्या पोचल्या कॅमेऱ्याची सेटिंग बघायला काढलेली पहिली फ्रेम. ती मी पुढे कधी उघडूनही पाहिली नव्हती. तीत ती पाठमोरी आहे, मोबाइल दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरलेला, समोर खोडावर वहीचं पान, पानावर ढेकूळ. क्षितिज तिरकं झालंय. तिने बक्षिसाचा फोटो हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि सुनेकडे दिला. दुसरा मात्र उजेडात नेऊन नीट बघितला. म्हणाली, "हा राहू दे माझ्याकडे. ह्याच्यात गट नंबर दिसतो."

मी माझा सगळा अभ्यास घेऊन तिच्यासमोर उभी होते, आणि इतके दिवस मला जे दिसलं नव्हतं ते तिने एका नजरेत पाहिलं. तिच्या बागेचं काय झालं ते ती स्वतः नोंदवत होती, नीट, ओळीने, तारखेसह. मी तिच्या हातातलं ते काम काढून घेतलं आणि तिला रडवेली केली.

पुढच्या रविवारी तुम्ही धुळ्याहून सकाळच्या गाडीने चाळीसगावला याल का? मी जळगावहून येते. मूसांच्या घरी दोघं मिळून परत एकदा जाऊ. टेबलटॉपमधला उजेड कुठून दिला असेल, हे मला तुमच्याकडून फोटोसमोर उभं राहून ऐकायचं आहे. येताना जमलं तर ती पॉलिश पेपरची पट्टी आणि एखादी पेन्सिल आणा, मला हात बसवून बघायचा आहे. मामींना नमस्कार सांगा. मेहरूणची बोरं थंडीत येतील तेव्हा पाठवीनच.

त्या पहिल्या फ्रेमची आठ-बाय-दहाची प्रिंट सोबत ठेवली आहे. डाव्या कोपऱ्यात माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा आला आहे, काळा, धूसर. तुमचा हात लगेच कात्रीकडे जाईल. तो कापू नका.

तुमची
भाची