जुने आणि नवे, एकाच गाडीत



मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात प्रभू येशू स्वर्गाच्या राज्याचे दाखले सांगतो आणि शेवटी एका घरधन्याचे उदाहरण देतो. राज्याचा शिष्य झालेला शास्त्री या घरधन्यासारखा असतो; तो आपल्या भांडारातून नवे आणि जुने असे दोन्ही बाहेर काढतो (13:52). या वचनावर आपण पुष्कळ संदेश ऐकले आहेत. मला मात्र ते उलगडले एका जुन्या पिकअप गाडीपाशी.

ही गाडी आमच्या हुबळीच्या मंडळीतल्या अण्णांची. अण्णा रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, जीपच्या बांधणीवरची महिंद्रा पिकअप, वय पन्नासच्या पुढे. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत अमेरिकेच्या विलीज जीपगाड्या जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही. वडिलांनी तिच्यातून कापूस वाहिला, ब्याडगीची मिरची वाहिली. पुढे कित्येक वर्षे ती पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती.

अण्णांनी काम सुरू केले तेव्हा आधी खालची फरशी उघडली. पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. गोकुळ रोडवरचा पत्राकामवाला म्हणाला, वरून नवा पत्रा जोडू, पुट्टी लावू, रंग दिल्यावर कुणाला कळणार नाही. अण्णांनी मान हलवली. गंजलेल्या पातळ पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही; तो जळतो आणि भोक आणखी मोठे होते. म्हणून शाबूत लोखंड लागेपर्यंत कापत जायचे आणि तिथून नवा तुकडा जोडायचा. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, नाहीतर फाटलेले अधिकच फाटते, असे प्रभूने सांगितले (मत्तय 9:16), ते त्या गॅरेजमध्ये डोळ्यांसमोर दिसले. पश्चात्तापाचेही असेच आहे. वरून रंग दिल्याने आतला गंज थांबत नाही.

मग नव्या गोष्टींची पाळी आली. मूळ गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ब्रेकच्या तेलाची एकच वाट. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जाणार. अण्णांनी आर.टी.ओ.त विचारून घेतले आणि दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर बसवला, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले. डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. हेडलाइटची गोल घरे तीच ठेवून आत हॅलोजनचे दिवे आले. सीटला पट्टे आले. इंजिन मात्र तेच, चार सिलिंडरचे, 2.2 लिटरचे पेट्रोल इंजिन. चेसिस तीच, रंगही वडिलांच्या काळचा हिरवा. नवे काय आहे ते रस्त्यावरून पाहणाऱ्याला सहज ओळखू येत नाही. अण्णा हसून म्हणतात, “दिसायला बाबांची गाडी, थांबायला आजची.”

गाडी तयार झाल्यावर काही जणांनी सुचवले, हिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करा. 2021 मध्ये केंद्र सरकारने तसे नियम केले आहेत. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली असेल, तर 20,000 रुपये भरून तिची वेगळी नोंद होते आणि ‘व्ही.ए.’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. मान मोठा आहे. पण अशी गाडी प्रदर्शनाला, व्हिंटेज रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. अण्णांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मग उपकार-सणाच्या खुर्च्या कोण नेणार?” गाडीची नोंदणी साधीच राहिली. आज ती मंडळीच्या सतरंज्या नेते, कापणीच्या अर्पणातली धान्याची पोती नेते, कुणाच्या घरी दुःख झाले तर मांडवाचे सामान नेते.

हे मी आत्ताच लिहितो आहे, कारण आपल्या मंडळीपुढेही तसाच प्रश्न आहे. आपण कर्नाटकात राहणारी मराठी माणसे. आपली मुले कन्नड आणि इंग्रजी शाळांत शिकतात. घरी मराठी बोलतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात. ‘उपासना संगीत’ हातात असूनही गीताच्या वेळी मागच्या बाकांवरची मुले गप्प असतात. पडद्यावर मराठी गीते कन्नड अक्षरांत दाखवावीत, अशी सूचना आली आहे. वडीलधाऱ्यांना ती बोचते, आणि त्यांचे दुःख खरे आहे. त्यांच्या आईवडिलांनी या अक्षरांतूनच प्रभूला ओळखले.

त्यांच्यापुढे मी आदराने एक आठवण ठेवतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हा आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याचा केवढा मोठा ठेवा! ओवी अस्सल मराठी, घाट पुराणाचा, आणि कथा तारणाची. पण 1616 मध्ये गोव्यात रायतूर येथे ते छापले गेले ते रोमन अक्षरांत. अक्षरे परकी होती म्हणून ओवी परकी झाली नाही. पुढे नारायण वामन टिळकांनीही अभंगाच्या आणि भजनाच्या जुन्या चाली ख्रिस्ताच्या सेवेला जुंपल्या, आणि ती गीते आपल्या ओठांवर बसली.

म्हणून मला वाटते, नवे स्वीकारताना आपण दोन गोष्टी पाहाव्यात. एक, ते शाबूत लोखंडाला जोडले जात आहे का? घरात प्रार्थनाच होत नसेल, तर पडदा कितीही मोठा आणला तरी ती पुट्टीच ठरेल. दुसरी, त्याने मंडळी ओझे वाहायला अधिक समर्थ होते का? मागच्या बाकावरच्या मुलीला आजीबरोबर तेच गीत गाता येणार असेल, तर ती अक्षरे म्हणजे जुन्या गाडीला लावलेले नवे ब्रेक आहेत. आणि ज्यांना देवनागरी हवी त्यांच्या हातात पुस्तक आहेच. रविवारी उपासनेनंतर अर्धा तास मुलांना देवनागरी शिकवायला कुणी पुढे आले, तर जुनेही राहील आणि नवेही येईल.

येत्या सभेत मत देण्याआधी हे मनात आणावे, एवढीच विनंती.

प्रार्थना: हे प्रभू, आमच्या वडिलांनी दिलेला ठेवा आम्हांला नुसता मिरवू देऊ नकोस, तो वापरायला शिकव. आमच्यातला गंज तू स्वतः काप. जुने आणि नवे दोन्ही तुझ्या भांडारातले आहे, हे आम्हांला दाखव, आणि एकमेकांची ओझी वाहायला आम्हांला बळ दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.