हक्काची भिंत

‘हक्काने या’ असे मराठी माणूस ज्याला म्हणतो, त्याच्यावर त्याचा लोभ असतो. ‘हक्क सांगू लागला’ असे ज्याच्याविषयी म्हणतो, त्याच्याशी बहुधा बोलणे बंद झालेले असते. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये किती जागा असते, याचा विचार आम्ही एका भिंतीमुळे केला.

सुकापुरात माथेरान रस्त्याच्या अंगाला, जेथे पूर्वी भातखाचरे होती तेथे, आमचे बैठे घर आहे. त्याची पश्चिमेची भिंत हद्दीला जवळजवळ टेकलेली. भिंत आमची, परंतु तिची बाहेरची बाजू जेथे उभे राहून दिसते ती जमीन शेजाऱ्यांची. पनवेलचा पाऊस नैर्ऋत्येचा वारा घेऊन येतो आणि नेमक्या त्या बाजूला झोडपतो. आतून कितीही रंग द्या, श्रावणापर्यंत पोपडे सुटतात. गिलावा बाहेरूनच करावा लागतो, त्यासाठी परांची बांधावी लागते, आणि परांचीचे पाय शेजाऱ्यांच्या अंगणात टेकतात.

शेजारचे काका होते तोवर याला विषय म्हणावे असे काही नव्हते. तीन-चार वर्षांनी एकदा, मृगाच्या आधी, आम्ही कुंपणावरून विचारायचो. ते म्हणायचे, ‘‘विचारता काय? पाठवा गवंड्याला.’’ काका गेले. त्यांच्या मुलाने गेल्या उन्हाळ्यात नम्रपणे, पण स्पष्ट नकार दिला. त्याला जागा विकायची होती. ‘‘आता परांची बांधू दिली तर तुमची वहिवाट पडेल, असे वकील म्हणाले,’’ एवढेच तो म्हणाला. त्याचा राग येणे सोपे होते. पण त्याची भीती पोकळ होती की खरी, हे आधी पाहणे आम्हांस बरे वाटले.

ज्या कायद्याची ही भीती, तो ‘इझमेंट अ‍ॅक्ट’ १८८२ चा. मुंबई इलाख्याला तो १८९१ साली लागू झाला. दुसऱ्याच्या जमिनीवरचा हक्क वापराने मिळण्यासाठी त्याचे १५ वे कलम वीस वर्षांचा वापर मागते: शांततेने, उघडपणे, अखंड, आणि ‘हक्क म्हणून’ केलेला. शेवटच्या दोन शब्दांत सारी मेख आहे. परवानगी घेऊन केलेला वापर ‘हक्क म्हणून’ ठरत नाही. जो न विचारता वीस वर्षे दुसऱ्याच्या अंगणात शिरतो, त्याला कायदा कदाचित हक्क देईल. जो दर वेळी विचारतो, त्याच्या खाती वीस वर्षांनीही शून्यच. काकांचे ‘विचारता काय?’ आमच्या कानांना आपलेपणाचे होते. कायद्याच्या कानांना ती परवानगी होती, आणि अशी परवानगी सामान्यतः केव्हाही मागे घेता येते.

२४ व्या कलमाखालच्या एका उदाहरणात शेजाऱ्याची भिंत कोसळते आणि तिच्या आधारावर हक्क असलेला मनुष्य शेजाऱ्याच्या जमिनीत शिरून ती दुरुस्त करतो. वाचून आम्हांस क्षणभर आशा वाटली. पण तेथे आधाराचा हक्क मुळात असावा लागतो. भावाभावांच्या वाटणीत एका घराची दोन घरे झाली असती, तर १३ व्या कलमाने निकडीचा हक्क सांगता आला असता. आमची घरे कधीच एक नव्हती.

याहून विलक्षण गोष्ट जमीन महसुलाच्या कायद्यात आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जाण्याची वाट तहसीलदाराकडे मागू देते. म्हणजे आमच्या जागी खाचर असते तर नांगर घेऊन जाण्यासाठी दाद मागता आली असती. शेताचे घर झाले आणि थापी घेऊन जाण्यासाठी तशी सोय उरली नाही. एवढा वेगाने बांधला गेलेला परिसर, आणि त्याच्या भिंतींना पुढे डागडुजी लागेल हे कोणत्याही कायदेकर्त्याच्या मनात आले नसावे!

मनुस्मृतीच्या अठरा व्यवहारपदांत सीमाविवाद आहे. सीमेखाली दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या पुरून ठेवाव्यात असा बारकावाही आहे. तेथील सारी चिंता सीमा कोठे आहे याची. ती ओलांडावी लागली तर काय, हा प्रश्न वेगळा. इंग्लंडने तो १९९२ साली सोडवला: इमारतीच्या जतनासाठी आवश्यक काम शेजाऱ्याच्या जमिनीत गेल्याशिवाय होतच नसेल, तर न्यायालय तेथे जाण्याची मुभा देते. १९९६ च्या सामाईक भिंतींच्या कायद्यात तर, त्या कायद्याखालच्या कामांपुरती, साधारणतः चौदा दिवसांची नोटीस पुरते. आपण त्यांच्याकडून १८८२ चा विचार घेतला आणि तेथेच थांबलो. शेजारधर्म आहे, मग कायदा कशाला, असे आपल्याकडे म्हणतात. पण जागा विकली जाते तेव्हा शेजारधर्म खरेदीखतात लिहिला जात नाही.

अखेर आम्ही शेजारच्या मुलाला एक कागद लिहून दिला. हा प्रवेश केवळ त्याच्या परवानगीने, ठरलेल्या दिवसांपुरता आहे. यातून आमचा कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. अंगणाचे नुकसान झाल्यास आम्ही भरून देऊ. त्याने तो दोनदा वाचला, वकिलांना दाखवला आणि दुसऱ्या दिवशी फाटक उघडले. काम सहा दिवस चालले. भिंत या पावसाळ्यात कोरडी आहे. जागेचे गिऱ्हाईक अजून ठरलेले नाही; ठरले की पुढचा कागद त्याच्या नावाने लिहावा लागेल.