आधी माईक, मग कॅमेरा
फिल्म करायची म्हणून माझ्या भाचीने शिकवण्या घेऊन २० हजार रुपये साठवले. ते सगळे नव्या कॅमेऱ्यावर घालायला ती निघाली होती. मी विचारले, “बेटी, फिल्म कुणावर?” ती म्हणाली, “नानीवर. लग्नातली जुनी कोकणी गाणी आता तिलाच येतात, खाला.”

मग हिशेब सोपा झाला. चित्र जरा धूसर असले तरी लोक बघतात. आवाज कळला नाही तर उठून जातात. कॅमेऱ्यातला माईक लांबून पंख्याची घरघरही टिपतो. कॉलर माईक ओढणीला लावला की शब्द स्पष्ट येतो. म्हणून कॅमेरा जुना घ्यावा, पण त्याला माईक आणि हेडफोन जोडता येतात का, ते आधी पाहावे. उरलेल्या पैशांत माईक, ट्रायपॉड आणि जादा बॅटरी.

मालेगावच्या नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर केला. २०१५चा अमेरिकी चित्रपट ‘टँजरिन’ आयफोन ५एसवर चित्रित झाला.

कॅमेरे दरवर्षी नवे येतील, इन्शाअल्लाह पुढे घेताही येतील. अम्मीचे वय मात्र ८२ आहे. गाणी याच सुट्टीत टिपायला हवीत.